निजामभाई मदिनेला जाऊन आले

निजामभाई शेख यांनी एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवली. सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून कामगार उचलायचे, मुंबई नाका, इंदिरानगर, पाथर्डी फाटा असं करत अंबडच्या कारखान्यात सोडायचे, आणि शिफ्ट सुटली की त्याच रस्त्यानं परत आणायचे. फिटर सोमनाथ गांगुर्डे कायम त्यांच्या मागच्याच सीटवर बसायचा. निजामभाई रिटायर होणार त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "निजामभाई, एवढ्या किलोमीटरमध्ये पृथ्वीला अकरा चकरा झाल्या असत्या."

निजामभाईंनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. "आणि आपण अजून पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला."

त्यामुळे मुलानं, आवेजनं, तिकीट आणि व्हिसाची कागदं पाठवली तेव्हा घरात सगळ्यात जास्त गोंधळ निजामभाईंचाच उडाला. आवेज दोन वर्षांपासून माल्टाला बस चालवत होता. माल्टा म्हणजे समुद्रातलं एक बेट, आणि एवढंसं, की नकाशावर आवेजनं बोट ठेवलं तर ते बोटाखाली झाकून जायचं. बिलकिसला, म्हणजे निजामभाईंच्या बायकोला, माल्टा हे संत्र्यासारखं एक फळ असतं एवढंच माहीत होतं. तिचा पासपोर्ट नव्हता, गुडघे दुखत होते, शिवाय धाकटी मेहविश बाळंतपणाला घरी आली होती. "तुम्ही जा," ती म्हणाली. "पोरगं नीट जेवतं का तेवढं बघून या."

आवेजनं आईला फोनवर हळूच सांगितलं होतं, "अम्मी, अब्बांना एक सरप्राइज देणार आहे. आत्ता काही बोलू नको." बिलकिस बोलली नाही. पण ऐकलेलं विसरणं हा तिचा स्वभाव नव्हता.

हमरून नावाच्या गावात आवेज आणखी तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा. त्याला आठवड्यातून एकच सुट्टी. म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं वहीच्या पानावर बसचे नंबर लिहून दिले आणि तीन नियम सांगितले. स्टॉपवर उभं राहिलात की हात करायचा, नाहीतर बस थांबत नाही. उतरायचं असेल तर लाल बटण दाबायचं. आणि ड्रायव्हरशी गप्पा मारायच्या नाहीत.

तिसरा नियम निजामभाईंना पटला. पहिला पटला नाही. स्टॉपवर माणूस उभा आहे म्हणजे त्याला बस पाहिजे, एवढं ड्रायव्हरला कळू नये? द्वारकेला हात रिक्षाला करतात. त्यांची बस तर माणसाचा चेहरा बघून थांबायची. राजीवनगरच्या कोपऱ्यावर जयराम वेल्डर दिसला नाही तर ते अर्धा मिनिट जास्त थांबायचे. इतकी वर्षं स्वतः बस थांबवलेला माणूस कुणापुढे हात करणार? ते स्टॉपवर ताठ उभे राहिले. एक बस गेली. दुसरी गेली. तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, निजामभाईंनीही अदबीनं मान हलवली, आणि तीही गेली.

शेवटी भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. तिनं रस्त्याकडे न बघताच एक बोट वर केलं आणि बस तिच्या पायाशी येऊन उभी राहिली. निजामभाई तिच्या मागून चढले. पुढचे तीन दिवस त्यांनी हीच पद्धत ठेवली. कुणीतरी हात करणारं येईपर्यंत थांबायचं आणि आपण सहज निघालोय अशा थाटात चढायचं. चौथ्या दिवशी स्टॉपवर बराच वेळ कुणी फिरकलंच नाही. लांबून बस दिसली तसा त्यांनी नाइलाजानं हात वर केला, पण सवय नसल्यानं दोन्ही हात गेले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, दार उघडलं आणि अपघात कुठे झालाय ते विचारलं.

हे आवेजला त्यांनी सांगितलं नाही. त्या ड्रायव्हरनं सांगितलं. तो आवेजच्याच डेपोतला होता, पंजाबचा.

हळूहळू निजामभाईंना बेट जमलं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात हे त्यांना फार आवडलं. हॉर्न कुणी वाजवत नाही हे आवडलं नाही, कारण त्यामुळे मागून काय येतंय ते कळत नाही. सगळ्यात नवल वाटलं ते भाषेचं. बसमध्ये बायका आकडे मोजत होत्या तर कानावर 'तलिता, अर्बा, हमसा' पडत होतं. लहानपणी मदरशात ऐकलेली अरबी इथे किराणा घ्यायला निघाली होती. आणि गळ्यात क्रॉस घातलेली एक आजी बसला धक्का बसला की पुटपुटायची, "अल्ला, अल्ला!" निजामभाई पहिल्यांदा दचकले, मग त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली.

आवेजच्या सुट्टीच्या दिवशी सरप्राइज झालं. दोघं मोठ्या बोटीत बसून शेजारच्या छोट्या बेटावर गेले. तिथेही गोंधळ झालाच. त्या बोटीचं तिकीट जाताना काढतच नाहीत, परत येताना काढतात. हे निजामभाईंच्या गळी उतरेना. "विनातिकीट मी चढणार नाही," म्हणून ते धक्क्यावर उभे. मागे रांग खोळंबली.

"अब्बा, बेटावरून परत यायला दुसरा रस्ता नाही. म्हणून येताना घेतात," आवेज म्हणाला.

"आणि एखादा तिथेच राहिला तर?"

"तर त्याला फुकट पडलं."

निजामभाई चढले, पण पूर्ण वाटेत खिशात हात घालून, कुणी विचारलंच तर, अशा तयारीत बसले.

आणि मग तो गुरुवार उजाडला. आवेज ड्यूटीवर होता. निजामभाई मोठ्या बसस्थानकावर फिरत असताना एका पाटीवर त्यांची नजर गेली. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता यायचं. एम, डी, आय, एन, ए. त्यांनी दोनदा वाचलं. मदिना. ते जागच्या जागी उभे राहिले. खरी मदिना शरीफ कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, गैरसमज वगैरे काही नव्हता. पण त्या नावाचं गाव समोर पाटीवर असताना दुसऱ्या कुठल्या बसमध्ये पाय टाकावा असं त्यांना वाटेना. त्यांनी व्यवस्थित एक हात केला आणि बसमध्ये चढले.

गाव टेकडीवर होतं. भोवती तटबंदी, आत शिरायला एक मोठा दरवाजा, आणि दरवाज्यातून आत गेलं की एकदम चिडीचूप. बाहेरच्या गाड्या आत सोडत नव्हते. पिवळसर दगडाच्या उंच भिंती, अरुंद गल्ल्या, वळणावर थंड सावली. द्वारकेच्या चौकात आयुष्य गेलेल्या माणसाला असली शांतता म्हणजे कानात कुणी कापूस घातल्यासारखी. निजामभाईंना का कोण जाणे, भरून आलं. तटावरून अर्धं बेट दिसत होतं आणि पलीकडे समुद्र. त्यांनी मोबाइल काढला आणि बिलकिसला बोलून मेसेज पाठवला.

"बिलकिस, मी मदिनेत आहे. एकटा आलो, बसनं. काय सांगू तुला, आत आलं की आवाजच नाही. मन भरून आलं बघ. जोहरची नमाज इथेच पढतो आणि सगळ्यांसाठी दुआ करतो. बॅटरी संपत आलीय. ठेवतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी एका कोपऱ्यात रुमाल अंथरून दुपारची नमाज पढली, बिलकिसच्या गुडघ्यांसाठी, मेहविशच्या बाळंतपणासाठी दुआ केली, आणि बस पकडून हमरूनला परत आले.

इकडे नाशिकात काय झालं ते त्यांना नंतर कळलं. मेसेज आला तेव्हा बिलकिस घरी मेहविशला बघायला आलेल्या सात-आठ बायकांमध्ये बसली होती. तिनं आवाज मोठा करून लावला. 'मी मदिनेत आहे' ऐकताच सगळ्यांनी एकदम डोक्यावरचा पदर नीट केला. बिलकिसला क्षणभर कळेना, आणि मग सगळं लख्ख कळलं. सरप्राइज! पोरानं बापाला परस्पर मदिना शरीफला नेलं! माल्टाहून ती जवळच पडत असणार. बस जाते म्हणजे काय! तिचे डोळे वाहायला लागले. बायकांचेही लागले. संध्याकाळी फोनवर तिनं खात्री केली.

"मदिनेत गेलात ना?"

"गेलो ना. मेसेज नाही मिळाला?"

"मिळाला. माझ्यासाठी दुआ केली?"

"सगळ्यात आधी तुझ्यासाठी."

यापुढे विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रात्रीच्या आत बातमी वडाळ्यापासून नाशिक रोडपर्यंत पोहोचली. एका जाणकारानं शंका काढली, की मक्केचं नाव नाही आणि नुसती मदिना, हे कसं? त्यावर दुसऱ्यानं समजावलं, की मक्केलाही गेलेच असतील, निजामभाई बढाई मारणाऱ्यातले नाहीत, निम्मंच सांगतात. हे सगळ्यांना पटलं.

दहा दिवसांनी निजामभाई नाशिक रोड स्टेशनला उतरले तर समोर सोमनाथ. हातात गुलाबाचा हार, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"या हाजीसाहेब," म्हणून त्यानं हार घातला आणि वाकून नमस्कार केला.

"अरे, काय करतोस? डोकं फिरलं का तुझं?"

"राहू दे. सगळं कळलंय आम्हाला. मदिनेला जाऊन आलात आणि मित्राला पत्ता नाही?"

निजामभाई हमालाच्या ढकलगाडीवरच बसले. पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. सोमनाथ आधी गंभीर झाला, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो रिक्षात बसेपर्यंत हसत राहिला. निजामभाईंना हसू येत नव्हतं. असल्या गोष्टीत खोटं बोलणारा माणूस म्हणून आपलं नाव व्हावं, आणि तेही तोंडातून एक शब्द खोटा न काढता, याचा हिशेब त्यांना लागेना.

"घरी गेल्या गेल्या सांगून टाका," डोळे पुसत सोमनाथ म्हणाला. "चहाच्या आधी. चहा झाला की अवघड जाईल."

सल्ला चांगला होता, पण द्वारकेचा ट्रॅफिक ओलांडून रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा चहाच काय, बिर्याणीची डेग चढली होती. मंडपाच्या खुर्च्या मांडलेल्या. लोकांनी मिठ्या मारल्या, हातांचे मुके घेतले. निजामभाई प्रत्येकाला सांगू लागले, "अहो, ऐका, मी त्या मदिनेला नव्हतो गेलो..."

"माशाअल्ला," लोक म्हणत. "किती नम्रपणा!"

"तसं नाही, ती माल्टातली..."

"हो, हो, माल्टामार्गेच गेलात ना. आवेजनं नशीब काढलं."

जितकं जास्त नाकारावं तितका त्यांचा दर्जा वाढत होता. एकानं तर आपल्या मुलाला पुढे करून सांगितलं, "बघ, बडेजाव न करणं याला म्हणतात." निजामभाई बिलकिसला गाठायला आत गेले, तर ती बॅग उघडून बसलेली. आवेजनं दिलेला मिठाईचा मोठा डबा तिच्या हातात होता. त्या बेटावर खजूर भरून तळलेल्या वड्या मिळतात, त्या एका लिबियाच्या माणसाच्या दुकानातून आवेजनं आईसाठी मुद्दाम घेतल्या होत्या. बिलकिसनं एक मोडून बघितली. आत खजूर दिसला. तिनं डोळे मिटून ती कपाळाला लावली.

"बिलकिस, थांब. आधी माझं ऐक."

"नंतर. बाहेर माणसं ताटकळलीत." आणि ती डबा घेऊन निघालीही. निजामभाई दारात उभे राहून बघत राहिले. माल्टाची वडी माणसं दोन्ही हातांची ओंजळ करून घेत होती.

सगळ्यात शेवटी कादरचाचा आले. ऐंशीच्या पुढचे, एके काळचे टेम्पो ड्रायव्हर, आता डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. नातवाचा खांदा धरून आले आणि निजामभाईंसमोर खुर्ची ओढून बसले. मदिना शरीफला जायची त्यांची आयुष्यभर एकच इच्छा होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि ती आता पुरी होणार नाही हेही माहीत होतं. त्यांनी निजामभाईंचा उजवा हात चाचपडत धरला आणि आपल्या डोळ्यांकडे नेऊ लागले.

निजामभाईंनी हात मागे ओढला. इतका जोरात, की खुर्ची हलली.

"चाचा, हा हात तिथला नाही." त्यांचा आवाज मंडपभर गेला. "मी मदिना शरीफला गेलो नाही. अल्लाची शपथ, मी गेलो नाही. माल्टात त्या नावाचं एक गाव आहे. तिथे मोठं चर्च आहे. मी बसनं गेलो आणि बसनं परत आलो."

आणि त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. मागे दोन मनोऱ्यांचं चर्च, दोन्ही मनोऱ्यांवर घड्याळ, आणि पुढे निजामभाई डोक्यावर टोपी घालून अदबीनं उभे. फोटो हातोहात फिरला. मंडपात ते दगडी गाव उतरल्यासारखं चिडीचूप झालं. ज्यानं मुलाला नम्रपणा शिकवला होता त्यानं मुलाला घरी पाठवलं. सोमनाथ हातातल्या ग्लासाकडे एकटक बघत होता, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. आतल्या दाराचा पडदा हलला आणि बंद झाला. बिलकिस आत निघून गेली होती.

कादरचाचांचा हात अजून हवेतच होता. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला.

"नमाज पढलास तिथे?" त्यांनी विचारलं.

"पढलो, चाचा."

"बरं केलंस." मग म्हणाले, "टेकडीवर आहे म्हणालास. चढ कसा आहे? गाडी दुसऱ्या गिअरला जाते का?"

"तिसऱ्यालाच जाते. आता गिअर आपोआप पडतात तिकडे."

"आपोआप?" चाचांनी नाक मुरडलं. "मग ड्रायव्हर काय करतो?"

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सोमनाथचा बांध फुटला. डेग तर उतरलीच होती, ती वाया घालवण्यात अर्थ नव्हता. लोक जेवायला बसले, आणि जेवता जेवता निजामभाईंना दोन्ही हात वर केल्याची गोष्ट सांगावी लागली, मग बोटीची, मग 'अल्ला, अल्ला' म्हणणाऱ्या आजीची. कादरचाचांनी बोटीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. जाताना तिकीट नाही, येताना आहे, हे त्यांना फार आवडलं. जाणकार मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, की मला आधीच शंका होती.

मिठाईबद्दल कुणी काही बोललं नाही. ती पोटात गेली होती. समोरच्या घरातल्या यशोदाबाईंचं दोन वर्षांचं पित्त त्या वडीनं उतरलं, असं त्या पुढे महिनाभर सांगत होत्या. त्यांना खरं काय ते सांगायचं धाडस गल्लीत कुणालाच झालं नाही, निजामभाईंना तर नाहीच नाही.

बिलकिस दोन दिवस बोलली नाही. म्हणजे कामापुरतं बोलायची, तेही मेहविशमार्फत. 'अब्बांना सांग, चहा ठेवलाय.' अब्बा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. तिचा राग निजामभाईंना समजत होता. सात-आठ बायकांसमोर तिचे डोळे वाहिले होते, ते पाणी आता परत कसं घ्यायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी निवडायला त्यांच्या समोर येऊन बसली. मेथीची एक जुडी निवडून संपवली.

"एवढी माणसं आली," मग ती म्हणाली, मान वर न करता. "बसचं विचारलं, बोटीचं विचारलं. माझं पोरगं कसं आहे, ते एकानं विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

निजामभाईंनी पेपर खाली ठेवला. मुलाविषयी चांगलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या बसमध्ये बसलो होतो," ते म्हणाले. "पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत. तिथे उतरलो नाही, परत आलो. मग परत गेलो. तीन चकरा. ड्रायव्हरशी बोलायचं नसतं, म्हणून मागे बसलो होतो."

"मग?"

"एका स्टॉपवर एक म्हातारा काठी टेकत येत होता, अजून लांब होता. त्यानं हातबित काही केला नव्हता. आवेज थांबला. मागच्या गाड्या थांबल्या. म्हातारा चढला, बसला, काठी नीट ठेवली, आणि मग यानं गाडी काढली." "बसभर उभी माणसं होती, बिलकिस. एकाचाही तोल गेला नाही."

बिलकिसच्या हातातली काडी तशीच राहिली. "हे त्याला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"म्हटलं ना, ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."

तिनं मांडीवरची मेथी बाजूला सारली आणि पदराला हात पुसून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "लावा फोन."

"तिथे आता पहाटेचे चार वाजले असतील."

"त्याची पहिली गाडी पाचची असते, मला माहीत आहे. उठलेला असेल," बिलकिस म्हणाली. "आणि जेवला का ते आधी विचारा. मग तुमचं काय ते सांगा."